कोर्स कशासाठी ते आधी, सॉफ्टवेअर कोणतं ते नंतर

‘यंदापासून ट्रेनिंग ऑनलाइन करून टाका,’ असा निरोप वरून आला, की एचआरमधल्या माणसाचा पहिला फोन आयटीवाल्याला जातो. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? आयटीवाला दोन-चार नावं सांगतो, डेमो होतात, कोटेशनं येतात आणि महिना-दोन महिन्यांत एक महागडं लायसन्स येऊन पडतं. पुढे त्यातून काय बाहेर येतं? जुनंच पॉवरपॉइंट, त्यावर कुणाचा तरी कंटाळलेला आवाज, खाली ‘नेक्स्ट’चं बटण आणि शेवटी दहा प्रश्न. लोक आवाज बंद करून बटण दाबत राहतात, उत्तरं शेजारच्याला विचारतात आणि सर्टिफिकेट काढून मोकळे होतात. रिपोर्टात मात्र ‘शंभर टक्के पूर्ण’.

असा निरोप तुम्हाला आला असेल, किंवा येण्याची चिन्हं असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. पण कामाचा क्रम मात्र बहुतेक जण धरतात त्याच्या बरोबर उलटा धरावा लागेल.

या धंद्यात सगळ्यात जास्त कानावर पडणारं नाव म्हणजे आर्टिक्युलेट. ॲडम श्वार्ट्झ यांनी २००२ मध्ये अमेरिकेत काढलेली ही कंपनी. तिचं सुरुवातीचं उत्पादन, प्रेझेंटर, हे पॉवरपॉइंटला जोडायचं साधन होतं: तुमच्याच स्लाइडना आवाज द्या, प्रश्न जोडा आणि ब्राउझरमध्ये चालेल असा कोर्स बाहेर काढा. २०१२ मध्ये स्टोरीलाइन आलं. ते स्वतंत्र सॉफ्टवेअर असलं, तरी दिसायला पॉवरपॉइंटचं धाकटं भावंडच. २०१६ च्या अखेरीस कंपनीने स्टोरीलाइन, ब्राउझरमध्येच कोर्स रचायचं राइज आणि वरिष्ठांचे शेरे गोळा करायचं रिव्ह्यू अशी सगळी साधनं ‘आर्टिक्युलेट ३६०’ या एकाच वार्षिक वर्गणीत बांधली. २०२१ मध्ये जनरल अटलांटिक, ब्लॅकस्टोन वगैरे गुंतवणूकदारांनी तिच्यात दीड अब्ज डॉलर घातले. कर्मचाऱ्यांना नियम आणि कामाच्या रीती शिकवणारे कोर्स बनवायच्या अवजारांना केवढी मागणी आहे, ते या आकड्यावरून कळावं.

पॉवरपॉइंटशी असलेलं हे नातं लक्षात ठेवायचं, कारण सोय आणि सापळा दोन्ही तिथेच आहेत. स्टोरीलाइन उघडल्यावर ओळखीचं वाटतं, भीती वाटत नाही. आणि ओळखीचं वाटतं म्हणूनच माणूस जुनी स्लाइड उचलून त्यात ओततो.

आधी चूक शोधा

कोर्सचा विषय ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: आपली माणसं नेमकं काय चुकीचं करतायत, किंवा करायला हवं ते काय करत नाहीयेत? कॅथी मूर या अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ बाईंची ‘ॲक्शन मॅपिंग’ नावाची पद्धत या प्रश्नावरच उभी आहे. संस्थेला काय साधायचंय, त्यासाठी लोकांनी काय करायला हवं, ते का करत नाहीत, आणि सराव कसला द्यायचा, या क्रमाने जायचं. ‘लोकांना काय माहीत असायला हवं’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवातच त्याने होते, म्हणून कोर्स फुगतात.

एक उदाहरण जरा खोलात जाऊन पाहू. नागरी सहकारी बँकेतल्या कॅशियरसाठी बनावट नोटांवर कोर्स करायचाय. रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत. काउंटरवर आलेली नोट बनावट ठरली, की ती ग्राहकाला परत द्यायची नाही. तिच्यावर ठरलेला शिक्का मारून ती जप्त करायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ग्राहकाला ठरावीक नमुन्यातली पावती द्यायची. ग्राहक सही करायला तयार नसला, तरी पावती द्यायचीच. त्या नोटेची रक्कम खात्यात जमा होत नाही. एका व्यवहारात अशा चारपर्यंत नोटा आल्या, तर महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल जातो. पाच किंवा जास्त आल्या, तर लगेच एफआयआर. बँकेने नोट जप्त केली नाही, तर ती चलनात जायला बँकेचा जाणूनबुजून हातभार आहे असं रिझर्व्ह बँक मानते आणि दंड करते.

हे सगळं सहा स्लाइडमध्ये बसतं. बसवलं की विषय संपला असं वाटतं. पण एखाद्या जुन्या कॅशियरसमोर तासभर बसा आणि विचारा, ‘नियम माहीत असूनही लोक नोट परत का देतात?’ उत्तरं वेगळीच येतात. ग्राहक वीस वर्षांचा ओळखीचा असतो. मागे रांग असते. तो आवाज चढवतो. आणि एखाद्या शाखेत शिक्काच मॅनेजरच्या कुलूपबंद कपाटात असतो, नाहीतर पावतीपुस्तक संपलेलं असतं.

शेवटच्या दोन कारणांवर कोर्स करून काहीही होणार नाही. शिक्का काउंटरपाशी आणून ठेवा, पुस्तकं छापून घ्या; ते काम फोनवर होतं आणि फुकट होतं. ट्रेनिंगवाल्याने असं स्पष्ट सांगायला कचरू नये. अर्धे कोर्स याच पायरीवर रद्द व्हायला हवेत, असं माझं मत आहे.

पहिल्या तीन कारणांवर मात्र सराव देता येतो. मग कोर्सची सुरुवात नियमाने करू नका, प्रसंगाने करा. बाजाराचा दिवस, दुपारची गर्दी, काउंटरवर नेहमीचे किराणा दुकानदार. सत्तर हजारांचा भरणा. मशीनने पाचशेची एक नोट बाजूला टाकली. तुम्ही ती उजेडात धरली, हाताने चाचपली, शंका उरली नाही. दुकानदार म्हणतात, ‘अहो, परवा तुमच्याच एटीएममधून काढलीय. आणा इकडं, मी बघतो काय करायचं ते.’ आता तुम्ही काय कराल?

पर्याय लिहिताना खरी कसोटी असते. ‘नोट फाडून टाकीन’ असला पर्याय कुणी निवडणार नाही, म्हणजे तो वाया गेला. चुकीचा पर्यायही मोहात पाडणारा हवा. पहिला: ‘राहू द्या काका, ही घ्या परत, दुसरी द्या.’ दुसरा: ‘ही घेऊन जरा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन या.’ तिसरा: ‘ही आता मला परत देता येणार नाही. समोरच शिक्का मारतो आणि पावती देतो. तुम्ही दोषी आहात असा याचा अर्थ नाही.’ दुसरा पर्याय सगळ्यात कामाचा आहे. वरिष्ठांना विचारणं योग्यच, म्हणून चांगली माणसं तोच निवडतील. चूक एवढीच, की नोट ग्राहकाच्याच हातात गेली आणि केबिनच्या वाटेवर बँकेचं बाहेरचं दारही आहे.

निवडीनंतर लाल फुलीबरोबर ‘चुकीचं उत्तर’ असं लिहून थांबू नका. पुढे काय घडलं ते दाखवा. दुकानदार नोट खिशात घालून निघून गेले, रजिस्टर कोरं राहिलं, आणि पुढच्या तपासणीत मोजणी मशीनच्या नोंदीत ती नोट दिसली. मग माणसाला मागे जाऊन दुसरा रस्ता निवडू द्या. नियमांची सहा वाक्यं हवीच असतील, तर ती ‘परिपत्रक पाहा’ अशा बटणामागे ठेवा. अडला की तो स्वतःहून उघडेल, आणि तेव्हाच ती वाचली जातील.

हे सगळं वर्डमध्ये लिहा, सॉफ्टवेअरमध्ये नाही. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, मध्ये काय ऐकू येईल, उजवीकडे काय दाबल्यावर कुठे जाईल, असा तीन रकान्यांचा तक्ता पुरतो. पुण्या-मुंबईतले ई-लर्निंगवाले याला स्टोरीबोर्ड म्हणतात. साहेबांची मंजुरी या कागदावरच घ्या. कोर्स तयार झाल्यावर ‘तो ग्राहक जरा तरुण दाखवा’ अशी सूचना आली, तर आठवडा जातो. कागदावर आली तर पाच मिनिटं.

पडद्यावर लिहिलेलंच आवाजात वाचून दाखवू नका. कान आणि डोळे एकाच मजकुरावर अडकले की समजायला उलट जड जातं, हे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलंय. चित्र असेल तर आवाज बोलू दे; मजकूर असेल तर आवाज गप्प. शिवाय आपल्या शाखांमध्ये हेडफोन नसतो आणि काउंटरमागे स्पीकर लावता येत नाही. आवाजाशिवायही कोर्स समजला पाहिजे.

आता सॉफ्टवेअर

स्टोरीबोर्ड हातात आला, की सॉफ्टवेअरचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. मजकूर, फोटो, व्हिडिओ, अधूनमधून प्रश्न एवढंच असेल, तर राइज पुरतं. वरून खाली वाचत जायचं पान असतं, मोबाइलवर ते स्वतःच मांडणी बदलतं, आणि नवखा माणूस दोन दिवसांत शिकतो. दुकानदारासारखा फांद्या फुटणारा प्रसंग असेल, आधीची निवड लक्षात ठेवून पुढे वेगळं काही घडवायचं असेल, तर स्टोरीलाइन. त्यात ट्रिगर (काय केल्यावर काय घडेल), लेयर (स्लाइडवर चढणारे थर) आणि व्हेरिएबल (आधीची निवड लक्षात ठेवणारी जागा) या तीन गोष्टी शिकाव्या लागतात. बाकीचं हळूहळू येतं. स्टोरीलाइन विंडोजवरच चालतं. डिझायनरकडे मॅक असेल, तर त्यावर आधी विंडोज चालवायची सोय करावी लागते.

पण किंमत बघा. आर्टिक्युलेटची वर्गणी माणशी वर्षाला हजार डॉलरच्या वर जाते, आणि लायसन्स माणसाच्या नावावर असतं. एक आयडी चौघांत वापरणं कराराच्या विरुद्ध आहे. वर्षाला दोन-तीनच कोर्स करणाऱ्या संस्थेने इथे थांबून विचार करावा. नॉर्वेत जन्मलेलं एचफाइव्हपी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रसंगाच्या फांद्याही करता येतात, व्हिडिओत मध्येच प्रश्नही घालता येतो. मूडल ही कोर्स चालवायची प्रणाली वापरत असाल, तर ते बहुधा तुमच्याकडे आधीच आहे. दिसायला साधं आहे, हे खरं. पण कॅशियर काही रंगसंगतीचे गुण द्यायला बसलेला नसतो.

पॉवरपॉइंटच्या बाहेर पडायचंच नसेल, तर आयस्प्रिंग त्याच्या आतच बसतं. कोअर बँकिंगच्या स्क्रीनवर ‘इथे क्लिक करा, मग इथे’ असं शिकवायचं असेल, तर ॲडोबीचं कॅप्टिव्हेट आठवावं. ते मुळात स्क्रीनवरच्या हालचाली टिपणाऱ्या रोबोडेमो या सॉफ्टवेअरमधून वाढलंय. आणि पुण्याच्या हार्बिंजर कंपनीने केलेलं रॅप्टिव्हिटी हेही कोर्स बनवायचंच अवजार आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

कोणतंही घ्या, चाचणीची मुदत वाया घालवू नका. आर्टिक्युलेट ३० दिवस फुकट वापरायला देतं. ते ३० दिवस स्टोरीबोर्ड तयार झाल्यावर सुरू करा, आधी नाही.

मराठी कोर्सच्या खास अडचणी

डेमो देणारा माणूस हे सांगणार नाही, कारण त्याचा डेमो इंग्रजीत असतो. चाचणी सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य चिकटवून पाहा: ‘दुसऱ्या शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी आर्थिक व्यवहारांची उद्दिष्टं लक्षात घ्यावीत.’ यात ऱ्या आहे, रफार आहे, वेलांटीसकट जोडाक्षर आहे, क्ष आहे. लिहिताना नीट दिसणं पुरेसं नाही. प्रकाशित करून क्रोममध्ये, शाखेतल्या जुन्या संगणकावर आणि एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर बघा. कुठे चौकोन दिसतात, कुठे वेलांटी अक्षराला सोडून पळते, ते तेव्हाच कळतं.

जुनी परिपत्रकं आणि माहितीपुस्तिका बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या तशाच चिकटवल्या तर कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रूपांतरावर विश्वास ठेवू नका. जोडाक्षरं आणि रफार एका माणसाने डोळ्यांखालून घातलेच पाहिजेत. फॉन्ट म्हणून ‘एक टाइप’ या फॉन्टकारांचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट आहेत आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा वाढवा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळला की वाचणारा दमतो, आणि का दमला ते त्यालाही कळत नाही.

मजकूर मराठी आणि बटणावर ‘सबमिट’, ‘रिझ्युम’ असं धेडगुजरी चित्र फार दिसतं. स्टोरीलाइन आणि राइज दोन्हींमध्ये या लेबलांची यादी बदलता येते. एकदाच बसून ‘पुढे’, ‘मागे’, ‘उत्तर द्या’, ‘जिथे थांबलात तिथून सुरू करा’ असं भरून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक कोर्सला तीच यादी लावा.

आवाजाचं म्हणाल, तर यंत्राचा मराठी आवाज आता मिळतो. मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर हे दोन आवाज ऐकून पाहा. सलग गद्य बरं वाचतात. रकमा, संक्षेप आणि इंग्रजी शब्द आले की कान लावून तपासावं लागतं. दुकानदाराचं ते चढ्या सुरातलं वाक्य मात्र यंत्राकडून घेऊ नका. ऑफिसात नाटकात काम करणारा एक तरी असतोच. त्याला शांत खोलीत बसवून फोनवर रेकॉर्ड करा, पुष्कळ झालं.

स्कॉर्मची परीक्षा

तयार कोर्स एका झिप फाइलमध्ये बाहेर पडतो आणि संस्थेच्या एलएमएसवर, म्हणजे कुणी काय पूर्ण केलं त्याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, चढतो. दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचा ठराव म्हणजे स्कॉर्म. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून तो आला. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची आहे आणि आजही धडधाकट चालते. प्रकाशित करताना कोणती आवृत्ती निवडायची, ते एलएमएसवाल्याला लेखी विचारा.

१.२ च्या दोन मर्यादा भोवतात. एक, ‘पूर्ण केला’ आणि ‘पास झाला’ या दोन गोष्टी त्यात एकाच रकान्यात नोंदल्या जातात. म्हणून सगळी पानं बघणं महत्त्वाचं की परीक्षा, ते आधी ठरवा. नाहीतर नापास माणूस रिपोर्टात ‘पूर्ण’ दिसतो. दुसरी जास्त छळते. माणूस कुठवर आला, काय निवडलं, ही आठवण ठेवायला त्यात फक्त ४,०९६ अक्षरांची जागा आहे. लांबलचक, भरपूर फांद्या असलेल्या कोर्समध्ये ती भरते. मग तक्रार येते, ‘काल अर्ध्याच्या पुढे गेलो होतो, आज परत पहिल्यापासून सुरू झालं.’ सगळे नेटवर्कला शिव्या देतात. अशा वेळी एलएमएस झेपवत असेल, तर स्कॉर्म २००४ निवडा, किंवा कोर्सचे दोन तुकडे करा. मी तुकडेच करीन. दहा मिनिटांचे दोन कोर्स लोक पूर्ण करतात.

एलएमएसवर चढवण्याआधी रस्टिसी सॉफ्टवेअरच्या स्कॉर्म क्लाउडवर फाइल चालवून बघा. छोटं खातं फुकट मिळतं. तिथे नीट चाललं आणि तुमच्याकडे बिघडलं, तर दोष कुठे आहे यावरची भांडणं वाचतात. चाचणी करताना शहाण्या माणसासारखं वागू नका. मध्येच ब्राउझर बंद करा, मुद्दाम नापास व्हा, दुसऱ्या दिवशी परत उघडा.

फाइली कुणाच्या ताब्यात

काम बाहेर देत असाल, तर करारात ‘तयार कोर्स’ एवढंच लिहून भागणार नाही. स्टोरीलाइनची मूळ फाइल, राइजच्या कोर्सची तुमच्या खात्यात पाठवलेली प्रत, आवाजाच्या मूळ फाइली आणि चित्रांचे हक्क, हे सगळं शेवटच्या हप्त्याआधी हातात घ्या. नुसती झिप दिली, तर एक आकडा बदलायलाही त्याच माणसाकडे जावं लागतं, आणि तो दर स्वतः ठरवतो.

स्वतः करत असाल, तर स्टोरीलाइनची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर उघडून काम करू नका. कंपनी स्वतःच सांगते, की काम संगणकाच्या हार्ड डिस्कवर करा आणि प्रती दुसरीकडे ठेवा. वर्गणी संपली तरी एलएमएसवर चढलेले कोर्स चालत राहतात. बंद होतं ते संपादन. म्हणून नूतनीकरण करायचं नसेल, तर मुदतीआधी सगळं प्रकाशित करून झिप उतरवून घ्या. राइजचा मूळ मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर असतो, हे विसरू नका. आणि अवजार बदलण्याची वेळ येतेच. जुने कोर्स ज्यावर चालत ते फ्लॅश २०२० च्या डिसेंबरअखेर बंद झालं, तेव्हा कितीतरी संस्थांचे कोर्स एका फटक्यात मुके झाले. ज्यांच्याकडे वर्डमधला स्टोरीबोर्ड होता, त्यांनी ते पुन्हा उभे केले. बाकीच्यांना कोऱ्या कागदापासून लिहावे लागले.

आता शेवटची गोष्ट, परिणामाची. कोर्स सुरू झाला, की ‘आवडला का?’ असा फॉर्म भरून घेण्यावर काम थांबतं. भरून घ्या, हरकत नाही. पण तीन महिन्यांनी शाखांची बनावट नोटांची रजिस्टरं मागवा. जप्त नोटांचा आकडा वाढला असेल, तर संचालक मंडळात कुणीतरी नक्की विचारेल, ‘ट्रेनिंग देऊनही नोटा वाढल्या कशा?’ उत्तर तयार ठेवा: नोटा आधीही येत होत्या, त्या काउंटरवरून परत जात होत्या. आणि ज्या शाखेचा आकडा कोर्सनंतरही शून्यच आहे, भरणा मात्र मोठा आहे, तिथल्या कॅशियरला कोर्सची लिंक परत पाठवू नका. जाऊन शिक्का कुठे ठेवलाय ते बघा.